लंडन किती शिदोऱ्यांवर

आई,

पुढच्या बुधवारी मी विमानात बसणार आहे. हे वाक्य मी शाळेत, कचेरीत आणि एसटीच्या स्टँडवर मिळून इतक्या वेळा बोलले आहे की आता ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटतं. तुला मात्र अजून सांगितलं नव्हतं. तुला सांगायचं तर नुसतं विमान सांगून भागणार नाही, हे मला माहीत आहे. तू पहिलं काय विचारशील तेही माहीत आहे. कशाला जायलीस, कुणासंगं जायलीस, हे सगळं मागून. आधी विचारशील, "किती शिदोऱ्यांची वाट हाय?"

आपल्या घरात वाट कधी मैलांनी मोजली गेली नाही. एका वेळचं बांधून घेतलेलं जेवण म्हणजे एक शिदोरी, आणि पोचेपर्यंत जितक्या वेळा बसून खावं लागेल तितक्या शिदोऱ्यांवर ते गाव. कळंबच्या बाजाराला शिदोरी नसायची. न्याहारी करून निघालेलं माणूस दिवस मावळायला घरी जेवायला यायचं. आपल्याकडच्या वाशीला मामाकडं जायचं तर एक. सोनारीच्या काळभैरवाला बैलगाडीनं जायचं तर पाच, कारण बैलांना विसावा लागतो आणि तुझ्या मते बैल थांबला की माणसालाही भूक लागते. गल्लीतल्या बायका गावाला निघाल्या की तुला विचारायला यायच्या. शेजारच्या चाची तर हैदराबादला बहिणीकडं जायच्या आधी आपल्या ओट्यावर बसून तुझ्याकडून आकडा घेऊन जायच्या. तू कधी हैदराबाद पाहिलं नव्हतंस. तरी तुझा आकडा चुकला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मी औरंगाबादला कॉलेजात निघाले त्या दिवसाची सकाळ मला अजून दिसते. तू चुलीपुढं बसली आहेस, पदर कमरेला खोचलेला. पहिल्या दुपारसाठी भाकरी, कारण ती आधी वाळते. रात्रीसाठी धपाटी. दुसऱ्या दिवसासाठी दुधात मळलेल्या दशम्या, कारण त्या टिकतात. प्रत्येक वेळचं वेगळ्या फडक्यात, आणि फडक्यांना गाठी अशा की कुठलं आधी सोडायचं ते हाताला कळावं. मी उंबऱ्यात उभी राहून तुला भूगोल शिकवते आहे. "आई, औरंगाबाद इथून सव्वाशे मैल आहे. सोनारी पन्नासच्या आसपास. म्हणजे औरंगाबाद अडीच पट लांब."

"सोनारी पाच शिदोऱ्या," तू म्हणतेस. "औरंगाबाद चार. मग लांब कोणचं?"

"अगं, पण मैल..."

"मैल काय खायचे व्हय? किती येळा बसावं लागतंय ते सांग."

मी हसले, आणि तुला राग आला. तुझा राग म्हणजे दोन मिनिटं तव्याशी बोलणं. मग तू चार फडक्यांशेजारी पाचवं ठेवलंस. ही कुणाची, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "वाटंवर भेटंल त्याची. एकटीनं खात बसू नगस." आज मी बी.ए., बी.टी. आहे, कळंबच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, आणि मुलींना सांगते की अंतर ही एक गोष्ट आणि ते कापायला लागणारा वेळ ही दुसरी. हे वाक्य मी पुस्तकातून शिकले असं मला बरेच दिवस वाटत होतं.

तू गेलीस त्या वर्षीचंही थोडं लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. वसतिगृहात तार आली तेव्हा मी वर्गात होते. नेसत्या पातळानिशी निघाले. बीडपर्यंत गाडी मिळाली, केजच्या पुढं मांजरेला पूर आला म्हणून गाडी थांबली. भाद्रपद होता. पाणी उतरायला दोन दिवस लागले. नदीकाठी अडकलेल्या माणसांत एक म्हातारे गृहस्थ होते, लेकीकडं निघालेले. त्यांनी न विचारता माझ्यापुढं एक फडकं सोडलं आणि म्हणाले, "ही जादाची हाय बाई, खा." मी घरी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. अण्णांनी तुला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवलं होतं. गावातली माणसं आता पुरे म्हणत होती आणि अण्णा वाटेकडं तोंड करून वेशीत उभे होते. हे मला काकूनं सांगितलं. अण्णांनी आजवर त्याच्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. मीही नाही. नऊ वर्षं आम्ही बापलेकी पिकापाण्याचं बोललो, माझ्या पगाराचं बोललो, म्हशीचं तर फार बोललो.

आता विमानाचं. मला एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली आहे, लंडनला. शिक्षक तयार कसे करायचे, याचा अभ्यास. परत येऊन मला कळंबला मुलींसाठी अध्यापिका विद्यालय काढायचं आहे. आपल्या भागात सातवी झालेल्या मुली आता आहेत, आई. तुझ्या वेळी मी एकटी होते. त्या शिकवू शकल्या तर वाडीवाडीवरच्या मुली शाळेत येतील, कारण पुरुष मास्तर असला की आईबाप दहाव्या वर्षी मुलीला घरी बसवतात. हे मी सगळ्यांना सांगते तेव्हा माझा आवाज जरा चढतो. मुख्याध्यापिका बाई म्हणतात, तुम्ही बोलायला लागलात की मला सभेत बसल्यासारखं वाटतं. पण मी हे खरंच करणार आहे.

पत्र आलं त्या दिवशी मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला. त्याची पितळी बैठक कधीच मोडली आहे, म्हणून काकूची घागरीखालची चुंबळ घेतली आणि पृथ्वी तिच्यावर ठेवली. अगदी नीट बसली. अण्णा पुढं सरकले, काकू पीठ लागलेल्या हातानं आली. काकू म्हणजे तुझी धाकटी जाऊ, हे मी तुला कशाला सांगते आहे. पण ती आता इतकी बदलली आहे की नव्यानं ओळख करून द्यावी असं वाटतं. तू असताना तुझ्या शब्दाबाहेर नव्हती. आता घरात तिचाच शब्द चालतो, आणि प्रत्येक शब्दामागं 'जाऊबाई असंच करायच्या' हे असतंच.

मी मुंबईवर दोऱ्याचं टोक धरलं, दुसरं लंडनवर. वीतभरही दोरा लागला नाही. अण्णांनी एका बोटानं पृथ्वी हळूच फिरवून पाहिली, नव्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.

"आपलं गाव कुठं हाय?"

"ते दिसणार नाही अण्णा, फार लहान आहे. साधारण इथं."

"आन् कळंब?"

"तेही नाही."

"कळंब बी न्हाय?" काकू म्हणाली. "मग ह्यो कसला नकाशा."

मी त्यांना सांगितलं की हवेतून सरळ गेलं तर मुंबईपासून लंडन साडेचार हजार मैल. रस्त्यावरच्या दगडांवर आता किलोमीटर लिहायला लागले आहेत, पण घरात मी मैलच सांगते. साडेचार हजार हा आकडा मी मोठ्या रुबाबात सांगितला. आपल्या घरातलं माणूस इतक्या लांब जाणार, याचा मला अभिमान वाटत होता, आणि तो त्यांनाही वाटावा अशी इच्छा होती. मग दिवा जवळ आणून तिथं सूर्य आपल्यामागून कसा उगवतो तेही दाखवलं. काकूला एवढंच पटलं की तिथली माणसं उशिरा उठत असणार.

संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. अण्णा दारात चऱ्हाट वळत होते. काकूनं आतून विचारलं, "औरंगाबादेच्या किती पट हाय गं लंडन?"

"मैलांनी म्हटलं तर छत्तीस पट," मी वहीतून मान वर न काढता म्हणाले.

काकू बरं म्हणाली. अण्णा उठून बाहेर गेले. मी पुढच्या वहीत लाल शाईनं 'चूक' असं लिहिलं.

त्या दिवसापासून अण्णा गप्प झाले. जेवायला बसत, ताटाकडं बघत, उठत. शिष्यवृत्तीवाल्यांना होकार कळवायची मुदत जवळ येत होती. मी विचारलं की "बघू." दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी "बघू." मला वाटलं, गावात कुणीतरी कान भरले. एकटी मुलगी, सत्तावीस वर्षांची, लग्न नाही, त्यात समुद्रापार. अण्णांना ते खरं म्हणजे कधी लागलं नव्हतं. मला औरंगाबादला धाडताना भावकीशी भांडलेले ते. पण माणूस थकतो, असं मी मनाशी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी एक भाषण तयार केलं. खरंच तयार केलं. त्यात स्त्रीशिक्षण होतं, देश होता, नवं राज्य होतं, निजामाच्या काळात आपल्या भागात शाळा किती कमी होत्या तेही होतं. चौथ्या दिवशी सकाळी ते घरामागच्या शेतात तण काढायचं कोळपं दुरुस्त करत असताना मी ते पूर्ण म्हणून दाखवलं. अण्णांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "चांगलं बोललीस." आणि पाचर ठोकायला लागले.

मी रागानं घरात आले आणि माजघरात अडखळले. दारातच तीन पोती उभी होती. एक ज्वारीचं, एक गव्हाचं, तिसऱ्यात काय होतं ते कळलं नाही. काकू आणि चाची समोरासमोर बसून पाखडत होत्या. मला बघून दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

"हे काय चाललंय?"

"तुझं भाषण झालं का?" काकू म्हणाली. "पार इथवर आयकू येत हुतं."

"काकू, हे कशाचं?"

"तुझ्या शिदोरीचं," काकू म्हणाली. "आज दळून येतंय. उद्यापून चार बाया बसवतेव."

"हमारे घर की दो," चाची म्हणाल्या. "तू फिकर नक्को करू बेटी. दूध का भी बोल दिये सब को."

"एवढ्या दशम्या?"

"एवढ्या म्हंजी?" काकूनं सूप खाली ठेवलं. "औरंगाबादला चार शिदोऱ्या. जाऊबाईंचाच हिसाब हाय, माजा न्हाय. त्याच्या छत्तीस पट तूच म्हन्लीस. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस. वाटंवरच्याचं धरून दीडशे."

मी तिथंच पोत्याला टेकून बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकूचं तोंड लहान झालं.

"हसाया काय झालं? पोरगी परमुलखात उपाशी मरंल म्हून आमी जीव काढायलाव, आन् ही दात काढायली."

"काकू, मैल छत्तीस पट आहेत. वाट छत्तीस पट नाही."

काकूनं चाचींकडं पाहिलं. "आयकलं का? मैल हायत आन् वाट न्हाय. बीए झाल्यापसनं हिचं बोलणं आमाला कळंना झालंय."

"पढ़ाई जादा हुई तो ऐसाच होता," चाची म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर एक धपका दिला.

मी त्यांना सांगितलं, मुंबईला रात्री जेवून विमानात बसायचं, मधे दोन ठिकाणी ते थोडा वेळ उतरतं, आणि आपल्या घड्याळानं दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला लंडन. चौदा-पंधरा तास. म्हणजे फार तर दोन शिदोऱ्या. काकूचा विश्वास बसेना. सोनारी पाच आणि लंडन दोन, असं कुठं असतं का? असं असतं, आणि हे या घरात सगळ्यात आधी कुणी ओळखलं होतं, ते मी तिला सांगायला तोंड उघडलं. तू चुलीपुढं बसून मला विचारलं होतंस, मग लांब कोणचं. मैलांचं खूळ घरात आणलं ते मी. काकू बिचारी तुझं माप आणि माझे मैल एकत्र मळत बसली होती.

आणि तेवढ्यात माझं हसू थांबलं. कारण छत्तीस हा आकडा मी काकूला सांगितला तेव्हा दारात अण्णा बसले होते. काकूनं त्या छत्तिसाला दशम्या लावल्या. अण्णांनी काय लावलं असेल?

मी तशीच परत शेतात गेले. कोळपं झालं होतं. अण्णा बाभळीखाली बसून तंबाखू मळत होते.

"अण्णा, ते छत्तीस तुम्ही कशाला लावलं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मळून झालेली तंबाखू आणखी मळली. मग म्हणाले, "कशाला लावायचं? तवा तीन दिस लागले तुला. सव्वाशे मैलाला तीन. मग छत्तीस तिरीक शंभर आन् आठ."

हिशेब बरोबर होता.

"तुला जा म्हन्नार हुतो म्या," अण्णा म्हणाले. "शाळेचं, देशाचं, समदं खरं हाय तुझं. पर साडेतीन महिने कोण थांबवतंय गं कुणाला. मी मेलो तर मला कुठवर ठिवतील? आन् तू आल्यावर रिकाम्या घरात येशील. एकदा आलीस तशी."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते काढलं, आई, आणि तेही त्रैराशिकाच्या आडून. मी त्यांच्याजवळ मातीत बसले. तासांचं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी भाषणाच्या आवाजात नाही. लंडनहून निघालं की दुसऱ्या दिवशी मुंबई. ते ऐकत होते, पण डोळ्यांत दिसत होतं की मी त्यांची समजूत घालते आहे असं त्यांना वाटतंय. दीड दिवसाच्या औरंगाबादला ज्या पोरीला तीन दिवस लागले, ती साडेचार हजार मैल एका दिवसात येणार, हे कसं पटावं? शेवटी उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "हाजीला इचारू."

चाचींचे मालक, आपले हाजीचाचा, आता खूप म्हातारे झाले आहेत, पण अजून ओट्यावर शिवणाचं मशीन चालवतात. गावात समुद्र ओलांडून आलेला माणूस तो एकच, त्यामुळं परदेशाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. आम्ही गेलो तेव्हा ते कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत होते. अण्णांनी माझ्यासमोरच विचारलं, "हाजी, खरं सांगा. पोरगी म्हन्ती विमान एका दिसात लंडनला जातंय. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून तर सांगंना?"

हाजीचाचांनी सुई सदऱ्यात टोचून ठेवली. "मेरे को जहाज में बारा दिन लगे, भाऊ. बारा दिन में कपड़े का क्या हाल होता, मेरे को पूछो. मगर उधर जेद्दा में मुंबईच्या एका शेठला भेटलो. विमानानं आला हुता. सकाळी मुंबईत, सांजंला तिथं. बोलला तर मी पण मानलो नसतो. पण म्या त्याची शेरवानी बघितली." त्यांनी सदऱ्याची बाही उचलून दाखवली. "इस्त्रीची घडी तशीच. कोपरात एक सुरकुती न्हाय. बसून ज्याची घडी मोडली न्हाय, त्यो लई वेळ बसलाच न्हाय. कपडा झूठ नहीं बोलता."

अण्णांनी बाहीकडं पाहिलं, मग हाजीचाचांकडं. माझा गोल, दोरा, दिवा, भाषण यांनी जे झालं नव्हतं ते त्या घडीनं झालं. त्यांचे खांदे खाली आले. मला दिसले खाली येताना.

घरी परतताना वाटेत त्यांनी विचारलं, "आन् मुंबईपासनं इथवर?"

 मग जे आहे ते सांगितलं. रात्रीची गाडी कुर्डुवाडीपर्यंत, तिथून लहान गाडी येडशीला, येडशीहून एसटी कळंबला, कळंबहून बैलगाडी. एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस. लहान गाडी चुकली तर आणखी. म्हणजे लंडन ते मुंबई यापेक्षा मुंबई ते आपलं घर जास्त.

अण्णा रस्त्यात उभे राहिले. आधी मला वाटलं बिनसलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. "म्हंजी लंडन जवळ हाय," ते म्हणाले, "आन् आपलंच गाव लांब हाय." आणि इतके हसले की समोरून येणारा गुराखी थांबून बघायला लागला. मीही हसले. मग थोडं चालून गेल्यावर हळूच म्हणाले, "नदी?"

"त्या वाटेवर मांजरा लागत नाही, अण्णा."

त्यांनी मान हलवली. पुढं मग मी आणखी एक सांगून टाकलं, कारण अर्धंच सांगून होकार घ्यायचा नव्हता. शिष्यवृत्तीत येण्याचं तिकीट वर्ष संपल्यावरचं आहे. मधे कधी यायचं झालं तर तिकीट कुठून आणायचं, हे मला ठाऊक नाही. वाट आहे, पण त्या वाटेवर पाय टाकायची ऐपत नाही.

"तिकिट इचारलं का म्या?" अण्णा म्हणाले. "वाट इचारली. येच असं न्हाय. तिथं कामात असलीस, तर नको येऊ. येता येतंय, एवढं ठावं असलं म्हंजी झालं माणसाला. जा तू."

असं झालं. मी दुसऱ्याच दिवशी कळंबला जाऊन होकाराचं पत्र टाकलं.

काकूशी तह करायला आणखी दोन दिवस लागले. विमानात सामान किती नेता येतं, याची मर्यादा असते, हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग पातळं ठेव इथं, दशम्या ने. विमानात जेवण देतात हे सांगितलं तर विचारलं, चूल कुठं असते? कोण करतं? कुणाच्या हातचं ते ठाऊक नसताना तू खाणार? शेवटी चाचींनी मधे पडून दोन दिवसांच्या दशम्यांवर आणलं. उरलेल्या पिठाचं काकूनं माझ्या शाळेतल्या मुलींना जेवण घातलं. मुली ओळीनं बसल्या होत्या, आणि काकू वाढताना प्रत्येकीला विचारत होती, "तू कंदी जायलीस लंडनला?" एक सोडून सगळ्या लाजल्या. ती एक म्हणाली, "मला विमान चालवायचंय." काकूनं तिच्या ताटात आणखी एक दशमी टाकली. चाचींनी मला स्वेटर विणून दिला आहे. हाजीचाचांनी एक पोलकं शिवलं आहे आणि बजावलं आहे की उतरल्या-उतरल्या त्याची बाही बघायची आणि कळवायचं.

पेटी भरून झाली. अण्णा आज सकाळपासून तिसऱ्यांदा तिची दोरी आवळून गेले. भेटेल त्याला ते लंडन जवळ असल्याचं पटवून देतात. काल चावडीवर एकाला सांगत होते, "कोण म्हन्तं लांब हाय? तू उस्मानाबादेला जिल्ह्याच्या कामाला जातूस, त्याच्यापरीस कमी तकलीफ." मला हसू येतं आणि बरं वाटतं.

हा कागद मी कुठं टाकणार नाही. माजघरातल्या फळीवर, तुझ्या पितळी डब्याच्या मागं ठेवून जाते. अण्णांना वाचता येत नाही आणि काकूला वाचायची हौस नाही, म्हणून तो तिथं निर्धास्त राहील. तसं त्यांच्यापासून लपवावं असं त्यात काही नाही. एवढंच आहे की ते चार दिवस अण्णा गप्प होते, मी भाषणं रचत होते आणि सगळ्यांना वाटत होतं की मी त्यांच्या नकाराला घाबरले आहे, तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मी त्या नकाराची वाट बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी चिडले असते, रडले असते, आणि मग कळंबच्या शाळेत सुखानं शिकवत राहिले असते. रस्त्यात हसून झाल्यावर ते "जा तू" म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून पटकन काही निघालं नाही. त्यांना वाटलं, मला आनंदानं बोलता येईना. तसंच वाटू दिलं.